डिस्कला उठवतंय कोण? घरच्या सर्व्हरबद्दल वाचकांचे प्रश्न

घरच्या सर्व्हरवरचे प्रश्न आपण दर अंकात एखाद-दुसरा घेतोच, पण या वेळी आलेली पत्रं वाचायला घेतली तर बऱ्याच जणांची तक्रार एकच निघाली, हार्ड डिस्क झोपत नाही, किंवा झोपली तरी झोप टिकत नाही. म्हणून अख्खं सदर यालाच दिलंय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की स्पिन-डाउन म्हणजे डिस्क वापरात नसली की तिची मोटर बंद करायची, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या थांबतात, आवाज थांबतो, डिस्क थंड होते आणि वीज वाचते. या अवस्थेला स्टँडबाय म्हणतात. परत कुणी फाइल मागितली की मोटर चालू, आणि ३.५ इंची डिस्कला पूर्ण वेग घ्यायला साधारण दहा सेकंद लागतात.

प्रश्न : नमस्कार. जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट (घरच्या सर्व्हरसाठीची लिनक्स सिस्टिम) टाकून घरचा सर्व्हर केलाय. सिस्टिम छोट्या एसएसडीवर आहे आणि डेटाला ४ टीबीच्या २ डिस्क. दोन्हीला २० मिनिटांचा स्पिन-डाउन लावलाय, पण सगळे झोपल्यावर रात्री पण डिस्क सुरू झाल्याचा आवाज येतो. बॉक्स हॉलमध्येच आहे त्यामुळे आई जाम वैतागलीये. एक स्क्रिप्ट लावून दर मिनिटाला डिस्कची अवस्था लिहून काढली तर १:५८ ला जागी, २:१८ ला स्टँडबाय, २:२८ ला परत जागी, २:४८ ला स्टँडबाय, २:५८ ला परत जागी, सकाळपर्यंत हेच. संध्याकाळी तर काही ताळतंत्रच नाही, कधीपण उठते. डिस्क खराब झालीये का? वॉरंटीत बदलून घेऊ का?
– वाचक, नाशिक

उत्तर : बदलून घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुमचाच लॉग सांगतोय की डिस्क तिचं काम चोख करतेय, जाग आली की बरोबर २० मिनिटांनी झोपतेय. तिला उठवणारा दुसराच कुणीतरी आहे आणि तो शोधायचा, सेटिंगशी खेळत बसायचं नाही. बहुतेक जण इथेच चुकतात, डिस्क झोपत नाही म्हटलं की टायमर २० चा १० करतात, १० चा ५ करतात, आणि मग ती आधीपेक्षा जास्त वेळा झोपते-उठते, म्हणजे होतं उलटंच.

आता १:५८, २:२८, २:५८ बघा. बरोबर अर्ध्या तासाचं अंतर, मिनिटाचा फरक नाही. माणूस इतका वक्तशीर नसतो, हे कुठल्यातरी सर्व्हिसचं काम. लिनक्समध्ये अर्ध्या तासाचं गणित ज्याचं असतं तो म्हणजे स्मार्टडी, डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्राम, मुळात १८०० सेकंदांनी एकदा बघतो. तो स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली, माहिती मागतो आणि बऱ्याच डिस्क ती माहिती द्यायला उठून बसतात. ओपनमीडियाव्हॉल्टमध्ये स्टोरेजखाली स्मार्टचं पान उघडा, तिथे पॉवर मोड नावाचा पर्याय आहे. तो मुळात स्टँडबायवरच असतो, म्हणजे डिस्क झोपली असेल तर तपासणी सोडून दे. तुमच्याकडे तो नेव्हरवर गेलेला असणार. नेव्हर वाचून आपल्याला वाटतं कधीच उठवू नको, पण त्याचा अर्थ आहे की डिस्क कुठल्याही अवस्थेत असो, तपासच. तो स्टँडबाय करा. साध्या डेबियन लिनक्सवर असाल तर स्मार्टडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या डिस्कच्या ओळीला छोटा एन आणि पुढे स्टँडबाय एवढं लावलं की झालं. स्वतःची स्क्रिप्ट स्मार्टसीटीएल (हीच माहिती विचारायची कमांड) चालवत असेल तर तिथेही तोच पर्याय द्या, स्मार्टडी नीट केला आणि तापमानाची घरगुती स्क्रिप्ट तशीच राहिली असं फार वेळा होतं.

एवढ्याने रात्रीची झोप लागेल. संध्याकाळचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याला एक युक्ती आहे जी मी प्रत्येकाला सांगतो. आधी हे ठरवा की डिस्कवर खरंच काही वाचलं-लिहिलं जातंय का, की नुसती एखादी कमांड येऊन तिला उठवतेय. प्रोक फोल्डरमध्ये डिस्कस्टॅट्स नावाची फाइल असते, तिच्यात प्रत्येक डिस्कवर किती वाचन झालं किती लेखन झालं याचे आकडे असतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये अवस्थेच्या शेजारी तिथली त्या डिस्कची ओळ पण लिहून ठेवा. डिस्क उठली आणि आकडे जसेच्या तसे असतील तर फाइलींचा काही संबंध नाही, स्मार्ट किंवा तापमान विचारणारं कुणीतरी आहे. आकडे वाढले असतील तर कुणीतरी फाइल उघडलीये, आणि मग शोध एकदम दुसऱ्या दिशेने. ही एक गोष्ट बघितली नाही तर आठवडाभर अंधारात चाचपडत बसाल.

फाइल उघडणाऱ्याला पकडायला फॅट्रेस नावाचं छोटं टूल आहे, डेबियनमध्ये मिळतं. डेटा डिस्कच्या फोल्डरमध्ये जाऊन ते छोट्या सी आणि छोट्या टी या पर्यायांसकट चालवा, म्हणजे फक्त त्याच डिस्कवरच्या हालचाली वेळेसकट दिसतील, कुठल्या प्रोग्रामने कुठली फाइल उघडली सगळं. फक्त त्याचा लॉग एसएसडीवर लिहा बरं का, त्याच डिस्कवर लिहिलात तर लॉगच तिला झोपू देणार नाही. आणि फॅट्रेसमध्ये दिसलं म्हणजे डिस्क फिरलीच असंही नाही, फाइल आधीच रॅमच्या कॅशमध्ये असली तर डिस्कला हात न लावता काम होतं, म्हणून दोन्ही लॉगच्या वेळा जुळवून बघायच्या.

माझ्या अंदाजाने संध्याकाळी तीनेक जण सापडतील. घरचे सिनेमे दाखवणारं जेलीफिन किंवा प्लेक्स लायब्ररी स्कॅन करत असणार, घरी आल्यावर वायफाय लागलं की फोन फोटो सिंक करत असणार, आणि कुणाचा तरी विंडोज लॅपटॉप चालू झाला की मॅप केलेला नेटवर्क ड्राइव्ह जोडून फोल्डर वाचत असणार, थंबनेल काढत असणार. टॉरेंटचं सीडिंग चालू ठेवलं असेल तर बाकी कुणाला शोधूच नका, जगातल्या कुणीही तुकडा मागितला की तुमची डिस्क उठणार. रोज एकदाच ठराविक वेळेला उठत असेल तर लोकेट या फाइल शोधणाऱ्या कमांडची यादी बनवणारा अपडेटडीबी बघा, त्याच्या कॉन्फिगमध्ये वगळायच्या फोल्डरांत डेटा डिस्क टाकून द्या.

डॉकर (अ‍ॅप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्याचा सगळा संसार, म्हणजे इमेज, कंटेनरची कॉन्फिग, डेटाबेस, लॉग, एसएसडीवर हलवा. डेटा डिस्कवर फक्त सिनेमे, फोटो, बॅकअप अशा पडून राहणाऱ्या गोष्टी. माझ्या मते घरच्या सर्व्हरमध्ये स्पिन-डाउन नीट चालतो की नाही हे ऐंशी टक्के या वाटणीवर ठरतं, टायमरवर नाही.

जाता जाता टायमरचंच एक सांगतो कारण दुसऱ्या चार पत्रांत हाच घोळ आहे. एचडीपार्म या डिस्कची सेटिंग बदलणाऱ्या कमांडला कॅपिटल एस देऊन जो आकडा लिहितो तो मिनिटं नसतो. १ ते २४० पर्यंत त्याला ५ सेकंदांनी गुणायचं, म्हणजे १२० लिहिलं की १० मिनिटं आणि २४० लिहिलं की २० मिनिटं. २४१ पासून २५१ पर्यंत हिशोब अर्ध्या तासाचा, २४१ म्हणजे अर्धा तास, २४२ म्हणजे एक तास. १० मिनिटं हवीत म्हणून १० लिहिणाऱ्यांची डिस्क ५० सेकंदांत झोपते आणि दिवसभर उठबस करत राहते. आणि एस कॅपिटलच हवा. छोटा एस म्हणजे वीज आल्यावर डिस्कने न फिरता पडून राहायचं, ही पूर्ण वेगळी सेटिंग आहे, बायोसला ती कळत नसेल तर डिस्क दिसायचीच बंद होते. मॅन्युअलमध्ये त्याच्यासमोर धोक्याचा इशारा आहे तो उगाच नाही. तसंच लगेच झोपवायला छोटा वाय वापरा, कॅपिटल वायने डिस्क स्लीपमध्ये जाते आणि त्यातून बाहेर यायला तिला रिसेट लागतो. हे सगळं रीबूटनंतर टिकावं म्हणून एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा, आणि तिथे एसडीए एसडीबी अशी नावं न देता डिस्कच्या सीरियल नंबरवालं बाय-आयडीचं नाव द्या, नाहीतर एखादा पेनड्राइव्ह लावून रीबूट केलंत की अक्षरं बदलतात आणि सेटिंग भलत्याच डिस्कला लागतं.

प्रश्न : ८ टीबीची नवी डिस्क आणली, एक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केली, अजून एक फाइल टाकली नाही तरी आतून सारखी टिकटिक चालू आहे आणि झोपायचं नावच घेत नाही. परत पाठवू का?
– वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिबात नको. फॉरमॅट पटकन संपावं म्हणून एक्सटी४ काही तक्ते तसेच सोडतं आणि डिस्क माउंट झाली, म्हणजे सिस्टिमला वापरायला जोडली गेली, की मागे हळूहळू भरत बसतं. आयओटॉप (डिस्क कोण वापरतंय ते दाखवणारी कमांड) चालवा, एक्सटी४लेझीइनिट नावाची प्रोसेस दिसेल. मोठ्या डिस्कवर हे काही तास चालतं. माउंट करून तशीच राहू द्या, संपलं की आपोआप शांत होईल. त्यानंतरही टिकटिक राहिली तर पुढे क्लिकवरचं उत्तर आहे ते वाचा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलाने रास्पबेरी पाय ४ या इवल्याशा कॉम्प्युटरवर छोटा सर्व्हर करून दिला आणि तो परगावी नोकरीला गेला. यूएसबीच्या डॉकमध्ये डिस्क उभी केलेली आहे, जुनी भजनं, घरच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंग असं त्यात आहे. एचडीपार्मची कमांड त्याने फोनवर सांगितली ती दिली, काही एरर आली, आणि डिस्क २४ तास फिरतेच आहे. अवस्था विचारली तर कधी अननोन म्हणते कधी अ‍ॅक्टिव्ह. आमच्याकडे उन्हाळ्यात डॉकला हात लावला तर चटका बसतो म्हणून काळजी वाटते.
– वाचक, अमरावती

उत्तर : काका, काळजी रास्त आहे. घरगुती डिस्कला साधारण ६० अंशांपर्यंत चालायची मुभा असते, पण मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असली आणि डॉकला पंखा नसला की तिथवर पोचायला वेळ लागत नाही. अशी डिस्क तर नक्की झोपवावी, कारण भजनं लावायची ती सकाळी तासभर, बाकी दिवस ती बिनकामाची फिरतेय.

कमांड चालली नाही यात तुमचा किंवा मुलाचा दोष नाही. यूएसबी डॉकमध्ये पाय आणि डिस्कच्या मध्ये एक ब्रिज चिप असते, एचडीपार्मचा निरोप तिच्यातून जातो आणि बऱ्याच चिप तो पुढे पोचवतच नाहीत. म्हणून अवस्थाही खरी कळत नाही, अ‍ॅक्टिव्ह म्हटलं तरी त्यावर विसंबू नका, कान लावून किंवा हात लावून बघितलेलं जास्त खरं.

यावर एचडी-आयडल नावाचा प्रोग्राम आहे, पायच्या सिस्टिममध्ये थेट इन्स्टॉल होतो. तो डिस्कच्या टायमरच्या भानगडीत पडत नाही, स्वतःच लक्ष ठेवतो की एवढा वेळ काही वाचलं-लिहिलं गेलं नाही, आणि मग थांबायची आज्ञा देतो, ती आज्ञा यूएसबीवरून सहसा पोचते. त्याची सेटिंगची फाइल ईटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्टच्या आत असते. मुलाला सांगा की तिथे स्टार्टची ओळ ट्रू करायची आणि पर्यायांच्या ओळीत आधी आय शून्य लिहायचं म्हणजे बाकी कशाला हात लागणार नाही, मग ए आणि डिस्कचं नाव, मग आय ९००, म्हणजे १५ मिनिटं. इथे आकडा सरळ सेकंदांत असतो, एचडीपार्मसारखा गुणाकार नाही. सर्व्हिस चालू करून रीबूट, आणि अर्ध्या तासाने डॉकला हात लावून बघा.

इतकं करूनही थांबली नाही तर डॉकच्या चिपमध्ये ती सोयच नाही असं समजा, डॉक बदलावा लागेल, डिस्क नाही. काही डॉकमध्ये स्वतःचाच टायमर असतो, तसा असेल तर आहे तोच पुरे, त्यावर दुसरा चढवू नका. आणि रेकॉर्डिंगची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून मुलाकडे ठेवा हे हात जोडून सांगतो, भजनं कदाचित परत मिळतील पण घरच्या कार्यक्रमातले आवाज परत मिळत नाहीत.

प्रश्न : आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. इथे आमच्या कराराप्रमाणे विजेचं एक युनिट ३५ सेंटला पडतं त्यामुळे प्रत्येक वॉटचा हिशोब होतो. ट्रूनास (सर्व्हरची सिस्टिम) आहे, ४ डिस्कचं रेडझेड१ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी रचना), त्यावर नेक्स्टक्लाउड (स्वतःचं घरचं क्लाउड), घरचे फोटो, आणि पुण्याला आई-बाबांकडच्या कॉम्प्युटरचा बॅकअप रात्री येतो. सगळीकडे स्टँडबायची सेटिंग लावली पण या डिस्क आजवर एकदाही झोपलेल्या बघितल्या नाहीत. मुळात झोपवाव्यात का यावर इथले मित्र दोन्ही टोकाचं बोलतात. तुमचं मत हवंय.
– वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : ताई, आधी न झोपण्याचं कारण, मग मत.

ट्रूनासमध्ये सिस्टिम डेटासेट नावाची एक जागा असते, लॉग वगैरे तिथे जातात, आणि तुम्ही पहिला पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र गट, बनवता तेव्हा ती आपसूक त्याच पूलवर जाऊन बसते. म्हणजे डिस्कवर सारखं काहीतरी लिहिलं जातंच. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन ती बूट डिस्कवर किंवा दुसऱ्या एसएसडीच्या पूलवर हलवता येते. त्यात नेक्स्टक्लाउड. त्याचं क्रॉन, म्हणजे मागे आपोआप चालणारं काम, दर ५ मिनिटांनी चालवायची शिफारस असते, आणि त्याची स्वतःची लॉग फाइल मुळात डेटा फोल्डरमध्येच असते, म्हणजे फोटो ज्या डिस्कवर तिथेच लॉग. या दोघांपैकी एकजण जरी पूलवर राहिला तरी डिस्क झोपणं शक्य नाही, कितीही सेटिंग लावा.

आता हिशोब. फिरत असलेली पण रिकामी बसलेली ३.५ इंची डिस्क साधारण ४ ते ६ वॉट घेते, स्टँडबायमध्ये एक वॉटच्या आत. डिस्कमागे ४ वॉट वाचले असं धरू, ४ डिस्कचे १६ वॉट. दिवसात २० तास झोपल्या तर वर्षाला सुमारे ११७ युनिट, तुमच्या दराने ४१ युरो. महाराष्ट्रात युनिटला १० रुपये धरले तरी ११७० रुपये. रक्कम डोळ्याआड करण्याएवढी छोटी नाही, पण एका डिस्कच्या किमतीसमोर ठेवून बघा. मोटर सुरू होतानाच डिस्कवर सगळ्यात जास्त ताण येतो, तेव्हा दिवसातून दहा-पंधरा वेळा उठणार असेल तर हे ४१ युरो मला नकोत.

माझा नियम साधा आहे. लॉग ठेवा, डिस्क दिवसात किती वेळा उठते ते मोजा. एक-दोनदा उठत असेल तर खुशाल झोपवा, टायमर एक तासाचा ठेवा म्हणजे सिनेमा पॉज करून जेवायला गेलात तर तेवढ्यात झोपणार नाही. दर तासाला कुणी ना कुणी उठवत असेल तर फिरत राहू द्या. याच्या मधल्या प्रकारात आवाज आणि उष्णता किती त्रास देतेय त्यावर ठरवा.

तुमच्या बाबतीत अडचण रेडझेडची आहे. या रचनेत डेटा चारही डिस्कवर विखुरलेला असतो, एक फोटो बघायला चारही उठतात आणि सगळ्यात हळू उठणारीसाठी बाकीच्या थांबतात. ही रचना सतत फिरणाऱ्या डिस्कसाठीच आहे आणि तिथे ती उत्तम आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर एसएसडीचा एक छोटा मिरर (दोन एसएसडीवर तोच डेटा) घेऊन नेक्स्टक्लाउड, अ‍ॅप आणि सिस्टिम डेटासेट तिकडे नेला असता, फोटो पण त्यात मावत असतील तर ते पण. मग ४ डिस्कवर उरतो जुना साठा आणि पुण्याचा बॅकअप. तुमच्या रात्री तो येतो तेव्हा डिस्क उठतील, काम झालं की झोपतील, दिवसातून एकदा. स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) आणि स्मार्टची मोठी चाचणी पण त्याच वेळेला जोडून लावा, वेगळ्या दिवशी वेगळ्या वेळी नको.

नव्याने बांधणाऱ्यांनी, ज्यांच्याकडे मुख्यतः सिनेमे आणि बॅकअप आहेत, स्नॅपरेड (सिंक केलं की डेटाला संरक्षण देणारा) आणि मर्जरएफएस (अनेक डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवणारा) ही जोडी बघावी. त्यात फाइल पूर्णच्या पूर्ण एकाच डिस्कवर असते त्यामुळे एक सिनेमा लावला की एकच डिस्क उठते. फक्त स्नॅपरेडचं संरक्षण सिंक कराल तेव्हापर्यंतचंच असतं, सकाळी टाकलेला फोटो रात्रीच्या सिंकपर्यंत उघड्यावर असतो, रोज बदलणाऱ्या डेटाला मी ते कधीच सुचवणार नाही.

आणखी एक, तापमान बघायला डॅशबोर्ड लावला असेल तर त्याच्यावरही नजर ठेवा. लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, डिस्कचं तापमान वाचणारं ड्राइव्हटेम्प आलंय, त्याच्याच माहितीपत्रात लिहिलंय की तापमान वाचल्यावर काही डिस्कचा टायमर परत पहिल्यापासून सुरू होतो, आणि डब्ल्यूडीच्या १२०ईएफएएक्स या मॉडेलमध्ये हे दिसलंय असं नावानिशी दिलंय. दर मिनिटाला तापमानाचा आलेख काढणाऱ्याची अशी डिस्क एक तासाच्या टायमरवर कधीच झोपणार नाही, आणि डिस्कस्टॅट्समध्ये त्याचा माग पण दिसणार नाही. आलेख तासभर बंद करून बघणं ही यातली सगळ्यात सोपी परीक्षा.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपची २.५ इंची डिस्क काढून सर्व्हरला लावली. थोड्या-थोड्या वेळाने बारीक क्लिक असा आवाज येतो. डिस्क झोपते-उठते आहे का? मरायला टेकली आहे का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर : झोपत नाहीये, डोकं पार्क करतेय. वाचणारं-लिहिणारं हेड बाजूच्या उतारावर ठेवायचं आणि लागलं की परत आणायचं, मोटर फिरतीच राहते. लॅपटॉपमध्ये हे हिसक्यापासून वाचवायला आणि बॅटरीसाठी असतं, सर्व्हरमध्ये त्याचा उपयोग नाही. स्मार्टमधला १९३ नंबरचा आकडा बघा, लोड सायकल काउंट. उत्पादक साधारण ३ लाख किंवा ६ लाखांची हमी देतात. दर ३० सेकंदांनी एक क्लिक असेल तर दिवसाला २८८० होतात, ३ लाख गाठायला १०४ दिवस. तो आकडा ओलांडला की डिस्क त्या दिवशी मरते असं नाही, पण विनाकारण तिकडे पळवायची गरज काय. एचडीपार्मला कॅपिटल बी देऊन २५४ लिहा, १२८ ते २५४ मध्ये डिस्क स्वतःहून मोटर बंद करत नाही आणि २५४ वर पार्किंगही सहसा थांबतं. आज आणि उद्या याच वेळेला १९३ चा आकडा लिहून ठेवा, फरक दिसेल. कॉन्फिगमध्ये लिहायला विसरू नका, वीज गेली की सेटिंग जातं.

पण त्याच यादीत ५ आणि १९७ नंबर पण बघा, खराब झालेले आणि संशयित सेक्टर. तिथे शून्याऐवजी काही असेल आणि दिवसागणिक वाढत असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आज रात्री डेटा दुसरीकडे उतरवा.

प्रश्न : छोट्या कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड आणि ४ डिस्क, सगळं १२ व्होल्ट ५ अँपिअरच्या एका अ‍ॅडॉप्टरवर. एरवी मस्त चालतं. पण सगळ्या डिस्क झोपेतून एकदम उठल्या की कधीकधी एक गायब होते, आणि रेड (डिस्क एकत्र जोडायची रचना) डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी, दाखवतं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते, परत आली की पण तेच. दर वेळी वेगळी डिस्क गायब. केबल बदलून झाल्या.
– वाचक, रत्नागिरी

उत्तर : दर वेळी वेगळी डिस्क, हे फार मोलाचं निरीक्षण आहे. एकच डिस्क असती तर ती किंवा तिची केबल म्हटलं असतं. इथे अ‍ॅडॉप्टर कमी पडतोय.

३.५ इंची डिस्क फिरती असताना १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेते, पण मोटर सुरू होताना काही सेकंद पावणेदोन ते दोन अँपिअर. चार एकदम उठल्या की ८ अँपिअर, आणि मदरबोर्डचं वेगळं. ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर तिथे बसतो, व्होल्टेज क्षणभर पडतं आणि जी डिस्क जरा मागे राहिली ती लिंक सोडते. डिस्कवरचं लेबल बघून बेरीज करू नका, तिथे फिरतानाचा आकडा असतो, सुरू होतानाचा डेटाशीटमध्ये मिळतो. कर्नलच्या लॉगमध्ये त्या वेळेला कॉमरिसेट फेल झाल्याच्या किंवा सॅटा लिंक डाउनच्या ओळी असतील, त्या आणि डिस्क उठल्याची वेळ जुळली की शंकाच उरली नाही.

उपाय पॉवर सप्लायचाच. १२ व्होल्टवर १२ अँपिअर तरी देणारा चांगला सप्लाय घ्या, पण आधी बघा की कॅबिनेटचा सॉकेट आणि आतलं बोर्ड तेवढा करंट पेलतं का, नसेल तर सरळ छोटा एटीएक्स सप्लाय बसवा आणि डिस्कची वीज त्यावरून घ्या. तो येईपर्यंत स्पिन-डाउन पूर्ण बंद ठेवा, कॅपिटल एसला शून्य. यूपीएस नसेल तर तो पण घ्या, आणि नट नावाचं सॉफ्टवेअर लावून बॅटरी उतरायच्या आत सर्व्हर नीट बंद होईल असं करा. रेड असल्याने एकेक डिस्क सावकाश उठवायची स्क्रिप्ट तुमच्या कामाची नाही, फाइल मागितली की चारही उठणारच.

गायब झालेली डिस्क रेडमध्ये परत घालायची घाई मात्र करू नका. रिबिल्डला, म्हणजे त्या डिस्कवरचा डेटा परत बनवायला, चारही डिस्क तासन्‌तास पूर्ण जोरात चालतात, आणि जुन्या अ‍ॅडॉप्टरवर तेवढ्यात वीज जाऊन आली आणि दुसरी डिस्क गळाली तर रेड ५ मध्ये सगळाच डेटा धोक्यात. आधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या, मग सप्लाय बदला, चारही डिस्कचा स्मार्टमधला १० नंबरचा स्पिन रीट्राय काउंट (मोटर परत सुरू करायचा प्रयत्न किती वेळा करावा लागला) बघून घ्या, आणि त्यानंतर रिबिल्ड लावा.